अंत्यविधीला जमलेले मित्र खेळायला बसले, आणि दरवर्षीची जत्रा सुरू झाली

मार्च २००८. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचं छोटं गाव. तिथे एका माणसाचा अंत्यविधी झाला. लांबलांबून मित्रमंडळी आली होती. सगळं आटोपल्यावर ही मंडळी गावातल्या अमेरिकन लीजन हॉलमध्ये जमली. थोड्या वेळाने टेबलांवर फासे आले, कागद-पेन्सिली आल्या आणि डाव सुरू झाले.

आपल्याकडे मयताच्या दिवशी कुणी पट मांडला तर घरातली वडीलधारी माणसं काय म्हणतील, हे वेगळं सांगायला नको. तिथे मात्र ते कुणाला वावगं वाटलं नाही. कारण गेलेला माणूस होता गॅरी गायगॅक्स. त्याला आणि या मंडळींना एकत्र बांधलं होतं ते खेळाच्या टेबलानेच. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, याच बैठकीतून 'गॅरी कॉन' नावाचं संमेलन उभं राहिलं. त्यात गॅरीचा मुलगा ल्यूक याचा पुढाकार होता. दर मार्चमध्ये त्याच परिसरात ते आजही भरतं.

हे खेळ कोणते?

टेबलाभोवती बसून समोरासमोर खेळायचे खेळ म्हणजे टेबलटॉप गेम. सारीपाट, बुद्धिबळ, पत्ते, कॅरम ही आपली ओळखीची मंडळी. आपली पचीसीच पश्चिमेकडे जाऊन अमेरिकेत 'पार्चीसी' आणि इंग्लंडमध्ये 'लुडो' झाली.

गायगॅक्सचं नाव जोडलं गेलं ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाशी. तो त्याने आणि डेव्ह अर्नेसन याने मिळून रचला. १९७४ साली तो बाजारात आला. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण सूत्रधार होतो, प्रसंग सांगतो आणि विचारतो, ''आता तू काय करणार?'' खेळाडू सांगतो, फासे पडतात, गोष्ट पुढे सरकते. एकाने जिंकायचं आणि दुसऱ्याने हरायचं असं यात नसतं. सगळे भिडू एकाच बाजूचे असतात.

तळघरातले वीस जण

या खेळाच्या आधी खेळाडूंची भेट सुरू झाली होती. १९६० च्या दशकात युद्धाचे डावपेच पटावर खेळणारे शौकीन अमेरिकेत गावोगावी विखुरलेले होते. एका गावात दोन, दुसऱ्या गावात तीन. ही माणसं एकमेकांशी पत्रांतून बोलत आणि काही खेळ तर चक्क पोस्टानेच खेळत. आपली चाल लिहून पाठवायची आणि समोरच्याच्या उत्तराची वाट पाहायची.

१९६७ साली गायगॅक्सने आपल्या घराच्या तळघरात सुमारे २० जणांना बोलावलं. पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट १९६८ रोजी, त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि पहिलं 'जेन कॉन' भरवलं. नावात गंमत होती. गावाचं नाव जिनिव्हा, म्हणून 'जिनिव्हा कन्व्हेन्शन'. युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांना युद्धाच्या नियमांच्या त्या प्रसिद्ध कराराचं नाव आयतंच मिळालं. आज 'कॉन' म्हटलं की खेळाडूंना ठाऊक असतं: काही दिवसांची भेट, आणि दिवसरात्र डाव.

१९६९ च्या संमेलनात गायगॅक्सची अर्नेसनशी गाठ पडली. अर्नेसन मिनियापोलिस-सेंट पॉल भागातला. दोघांच्या गावांत पाचशेहून अधिक किलोमीटरचं अंतर होतं. पुढे अर्नेसनने 'ब्लॅकमूर' नावाचा आपला काल्पनिक मुलूख तयार केला. १९७२ मध्ये त्याने लेक जिनिव्हाला येऊन तो गायगॅक्सला खेळून दाखवला. डंजन्स अँड ड्रॅगन्स उभं राहिलं ते त्यातून. त्या हॉलमध्ये दोघं भेटले नसते, तर हा खेळ या रूपात आला नसता.

धंदा आला आणि मैत्रीला तडा गेला

ही कथा नुसती गोड नाही. खेळ छापायला प्रकाशक मिळेना, म्हणून गायगॅक्स आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र डॉन के यांनी १९७३ मध्ये हजार-हजार डॉलर घालून 'टीएसआर' ही कंपनी काढली. खेळाच्या पहिल्या एक हजार प्रती वर्षभराच्या आत संपल्या. पण ते यश पाहायला डॉन के फार काळ राहिला नाही. जानेवारी १९७५ मध्ये हृदयविकाराने तो गेला.

पुढे श्रेय आणि मानधन यांवरून गायगॅक्स आणि अर्नेसन यांच्यात फाटलं. १९७९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. १९८५ मध्ये कंपनीचा ताबाही गायगॅक्सच्या हातून निसटला. १९९७ मध्ये टीएसआर विकली गेली.

एवढं सगळं झालं तरी दरवर्षीची भेट चुकली नाही. जेन कॉन लेक जिनिव्हातून केनोशाला गेलं, १९८५ मध्ये मिलवॉकीला आणि २००३ मध्ये इंडियानापोलिसला. मालक बदलले, गावं बदलली, तरी माणसं येत राहिली.

मैत्री टिकते कशामुळे?

एक म्हणजे, ठरलेली तारीख. 'कधीतरी भेटू' म्हणणारे मित्र भेटत नाहीत, हा सगळ्यांचाच अनुभव. संमेलनाचा महिना ठरलेला असतो. त्यामुळे रजा, तिकीट, खोली यांची जुळवाजुळव आधीपासून सुरू होते. सीमाभागातला नोकरदार पुण्यात असो की बडोद्यात, गावच्या जत्रेला जसा येतोच, तसंच हे.

दुसरं, टेबलावरचा वेळ. संमेलनातला एक डाव बहुतेक वेळा चार तासांचा असतो. अनोळखी पाच-सहा जण एका टेबलाशी येतात. त्यांना चार तास एकमेकांचं ऐकावं लागतं, अडचणीत सापडलेल्याला सोडवावं लागतं. लग्नात चार तास शेजारी बसूनही माणूस कळत नाही. इथे मात्र कोण घाबरट, कोण हट्टी, कोण दुसऱ्यासाठी आपला जीव धोक्यात घालतो, हे पहिल्याच डावात कळतं. जीव अर्थातच पात्राचा.

तिसरं, सामाईक आठवण. ''त्या वर्षी तुझा फासा ऐन वेळी एकवर पडला आणि आपण सगळे मेलो'' या वाक्यावर वीस वर्षांनीही तेच चार जण हसतात. प्रसंग कल्पनेतला असतो, पण तो एकत्र जगल्याची आठवण खरी असते. संमेलनात जुन्या खेळांचा लिलाव होतो. तिथे पिवळी पडलेली पुस्तकं आणि कोपरे फाटलेली खोकी हातोहात जातात. घेणाऱ्याला तो खेळ हवा असतोच, पण ज्यांच्यासोबत तो खेळला ती माणसंही आठवत असतात.

गर्दीत हरवण्याची भीती

तळघरात वीस जणांपासून सुरू झालेलं जेन कॉन २०१९ मध्ये सत्तर हजारांच्या घरात पोचलं. जर्मनीतल्या एसेन शहरात १९८३ पासून भरणाऱ्या 'श्पील'ला तर त्याच वर्षी दोन लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. खेळ वाढला याचा आनंद आहे. पण एवढ्या गर्दीत खोली मिळवायला धावपळ, डावात जागा मिळवायला धावपळ. जुन्या मंडळींना हुरहूर लागते ती हॉलच्या आकाराची नाही, तर सगळे एकमेकांना नावाने ओळखायचे त्या दिवसांची.

गॅरी कॉनसारखी लहान संमेलनं टिकून आहेत ती याच कारणाने. २०२० मध्ये कोरोनामुळे गॅरी कॉन आणि जेन कॉन दोन्ही संगणकाच्या पडद्यावर भरवावी लागली. डाव झाले, गप्पाही झाल्या. पण डाव संपल्यावर जेवायला एकत्र जाता आलं नाही.

पहिल्या पिढीतले भिडू आता एकेक करून कमी होत आहेत. पहिल्या गॅरी कॉननंतर थोड्याच दिवसांत, एप्रिल २००९ मध्ये, डेव्ह अर्नेसनही गेला. ज्यांनी हा खेळ रचला त्यांचं आपसात पूर्ण जुळलं की नाही, यावर आजही वाद होतात. पण त्यांच्यामुळे एकत्र आलेली माणसं दर मार्चमध्ये लेक जिनिव्हाला येतात, खुर्ची ओढून बसतात आणि नवख्या पोराला शेजारी बसवून फासे हातात देतात.