यू नसलेला क्यू

स्क्रॅबलमध्ये हातात क्यू आला आणि यू नसला, की चेहरा पडतोच. १०० टाइल्समध्ये क्यू एकच, गुण १०. आणि यू अवघे ४.

पण यूशिवायचे क्यूवाले शब्द आहेत, आणि गंमत म्हणजे ते आपल्या ओळखीचे आहेत! फकीर, बुरखा, तलाक, कव्वाली. अरबीतला घशातून येणारा 'क़ाफ' इंग्रजीत बऱ्याचदा क्यू होतो, म्हणून एफ-ए-क्यू-आय-आर हे स्पेलिंग चालतं.

माझा लाडका मात्र चिनी क्यू-आय. उच्चार 'ची', अर्थ प्राणशक्ती. दोनच अक्षरं, ११ गुण. क्यू तिप्पट अक्षराच्या चौकोनात बसून आडवा-उभा दोन्हीकडे जुळला तर थेट ६२! (समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं.)

कॉम्प्युटरवर शब्दांची यादी असेल तर ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड वापरून बघा. शोधायचा नमुना असा: क्यू, आणि लगेच चौकटी कंसात टोपीचं चिन्ह व यू. म्हणजे 'क्यूनंतर यू सोडून काहीही'. यात तलाक निसटतो हं, कारण त्यात क्यूनंतर काहीच नाही! क्यूने संपणारे शब्द वेगळे शोधावे लागतात.