कंसातले दोन आकडे

सोर्समधून लिनक्स बांधणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी तो काळा पडदा असतोच. तासन्‌तास कंपाइल करून मशीन रीस्टार्ट करावं, पांढरी अक्षरं भराभर वर सरकावीत आणि शेवटी उरावं ते 'कर्नल पॅनिक': रूट फाइलसिस्टीम माउंट होत नाही. शेजारी कंसात दोन आकडे. लोक नेमके तेच सोडून बाकी सगळं वाचतात. माझा जीव मात्र त्या आकड्यांतच अडकलेला!

पार्श्वभूमी उरकून टाकतो. लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत १९९१ साली कर्नल लिहायला घेतला. जेरार्ड बीकमन्सचं 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक १९९९चं. त्यात तयार काही मिळत नाही, एकेक प्रोग्रॅम आपणच बांधायचा. सुरू होताना आधी फर्मवेअर, मग ग्रब, मग कर्नल, मग इनिट. झालं.

आता आकडे. (०,०) म्हणजे 'रूट='पुढे तुम्ही दिलेलं नाव कर्नलला कुठल्याच डिस्कशी जुळवता आलं नाही. (८,३) असेल तर निम्मी लढाई जिंकलीत. ८ हा एससीएसआय कुळाचा क्रमांक, साटा डिस्कही त्यातच. ३ म्हणजे पहिल्या डिस्कचं तिसरं पार्टिशन. दर डिस्कला १६ क्रमांक राखलेले, म्हणून (८,१७) हे दुसऱ्या डिस्कचं पहिलं पार्टिशन. दार सापडलंय, आतली फाइलसिस्टीम वाचता येत नाही; बहुधा एक्स्ट४ कर्नलमध्ये घालायचं राहिलंय.

तयार डिस्ट्रिब्यूशनमध्ये हे सहसा घडत नाही, कारण तिथे इनिटरॅमएफएस लागणारी मॉड्यूल्स आधीच मेमरीत आणतं. पुस्तकाच्या मूळ वाटेवर ते नाही. म्हणून मेन्युकॉन्फिगमध्ये डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइलसिस्टीम, दोन्हींपुढे 'एम' नव्हे, 'वाय' हवं. 'एम' केलंत तर किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. 'यूयूआयडी'चंही तेच: ती फाइलसिस्टीमच्या पोटात असते, एकट्या कर्नलला ती कळत नाही. 'पार्टयूयूआयडी' पार्टिशन टेबलात असते, ती कळते.

माझा पुतण्या क्यूईएमयूमध्ये (०,०) बघत बसला होता आणि संशय एक्स्ट४वर घेत होता. "अरे, जरा वरच्या ओळी वाच," म्हटलं. "काका, इथे पार्टिशनांची यादीच आहे की!" असतेच, सापडलेली पार्टिशनं कर्नल स्वतः छापतो. यादी रिकामी असेल तर ड्रायव्हर नाही. भरलेली असेल तर नाव चुकलंय. त्याची डिस्क व्हर्टआयओची, म्हणजे व्हीडीए. ग्रबमध्ये लिहिलं होतं एसडीए.

त्या ओळी वर निसटल्या तर? पूर्वी कन्सोलवर मागे जाता यायचं. २०२० साली ५.९ आवृत्तीत ती सोयच काढली. सांभाळायला कोणी नव्हतं हे खरं, पण मला अजून हळहळ वाटते. आता मोबाइलवर व्हिडिओ काढावा, किंवा आभासी मशीन असेल तर सीरियल कन्सोल लावून सगळा मजकूर फाइलीत घ्यावा. (ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो नि पार्टिशन एकापासून, जुना ग्रब दोन्ही शून्यापासून मोजायचा. यावर मी तासभर भांडू शकतो, पण संपादक जागा देणार नाहीत.)

पॅनिक 'नो वर्किंग इनिट फाउंड' म्हणत असेल तर रूट माउंट झालंय, आकड्यांचं काम संपलं. कर्नलने इनिटच्या नेहमीच्या जागा धुंडाळल्या, शेवटी /बिन/एसएचही चालवून पाहिलं आणि तेही चाललं नाही. म्हणजे एक तर भलतंच पार्टिशन माउंट झालंय, नाही तर जीलिबसीचा डायनॅमिक लोडर जागेवर नाही. ६४ बिटी इंटेल-एएमडी मशीनवर मी आधी /लिब६४ उघडून बघतो.