घरच्या कपड्यांतला स्पायडरमॅन

मागच्या वेळी कांट अर्धा राहिला होता. आज तो एका सिनेमातून पुरा करतो. हसू नका. नातवाबरोबर पाहिला, पण पाहिला नीट.

‘स्पायडरमॅन: होमकमिंग’, 2017, दिग्दर्शक जॉन वॉट्स. नायक पीटर पंधरा वर्षांचा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला शाळकरी मुलगा. सगळा बाज जॉन ह्यूजच्या शाळकरी विनोदी चित्रपटांचा, म्हणजे मित्राची बडबड, आवडत्या मुलीसमोर तोंडातून शब्द न फुटणं, शाळेतला नाच. टोनी स्टार्कने त्याला एक पोशाख दिलाय. पोशाख बोलतो, सल्ला देतो, आणि त्यात लहान मुलाच्या सायकलीला असतात तशी आधाराची चाकंही आहेत, सॉफ्टवेअरची. मित्र नेड ती काढून टाकतो. पुढे फेरी बोट दुभंगते, स्टार्क येऊन माणसं वाचवतो आणि पोशाख काढून घेतो.

आता कांट. 1784च्या निबंधात तो प्रबोधनाची व्याख्या करतो: स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर पडणं. ‘अज्ञान’ इथे आपल्या कोर्टकचेरीतल्या अर्थाने घ्या, पालकाच्या सहीवाचून ज्याचं चालत नाही तो. आणि कांट म्हणतो, हे अज्ञानपण फार सोयीचं असतं. माझ्या वतीने विचार करायला कुणीतरी आहे ना! बोलका पोशाख म्हणजे नेमकं हेच. कुलूप तोडल्याने पीटर सज्ञान झाला नाही, हे लक्षात घ्या. तो फक्त मोकाट सुटला.

मग ढिगाऱ्याचा प्रसंग. अंगात घरी शिवलेला जुना पोशाख, वर काँक्रीट. मूळ 1966च्या कॉमिकमधलं दृश्य, पण इथे मुलगा आधी रडतो, मदतीसाठी हाका मारतो. कुणी येत नाही. पाण्यात अर्धा मुखवटा, अर्धा स्वतःचा चेहरा दिसतो, तेव्हा कुठे तो उठतो. माझ्या मते चित्रपट या हाकांमुळे मोठा होतो. आधी धीट आणि मग शूर, असं नाही ते.

आणि तो उठतो कुणाला थांबवायला? आवडत्या मुलीच्या बापाला, टूम्सला. ज्याचा भंगाराचा धंदा सरकारी खात्याने एका दिवसात बुडवला तो टूम्स. त्याची तक्रार खोटी नाही, वाट चुकीची आहे. शेवटी त्याला आगीतून ओढून काढतो तोही पीटरच.

त्यानंतर स्टार्क ॲव्हेंजर्समधली जागा देऊ करतो. पोरगा नको म्हणतो, आणि लगेच विचारतो, ही परीक्षा होती ना? म्हणजे बघा, शाबासकी अजून हवीच आहे. घरी पोशाखाची पिशवी परत आलेली असते. तो घालून उभा राहतो, आणि दारात मे काकू.

नातू तिथे खो-खो हसला. मी नाही.