फीड बंद करण्याआधी

कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर. हिंगोलीचे अत्यवस्थ रुग्ण वर्षानुवर्षे याच वाटेने नांदेडला जात आले. खरिपात त्यांत विषबाधा झालेले शेतकरी असतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक आतड्याच्या नसांना सतत चेतवत राहते. सुरुवातीचे जुलाब त्या विषाचेच. मग व्हेंटिलेटर लागतो, नाकातून पोटात नळी जाते आणि तिच्यातून पातळ अन्न, म्हणजे फीड, सुरू होते. काही दिवसांनी पुन्हा पातळ शौचाला होऊ लागले की नातेवाईक कळवळून म्हणतात, "त्याला फीड पचत नाही, बंद करा." पुष्कळदा ते बंद होतेही. रुग्ण उपाशी राहतो, अंगातले स्नायू झिजतात, त्यांत श्वासाचेही आले.

१९९० साली अमेरिकेत नळीने अन्न घेणाऱ्या रुग्णांच्या जुलाबांचा माग काढला गेला, तेव्हा फीड दोषी निघाले ते साधारण पाचांतल्या एकातच. निम्म्याहून अधिक वेळा कारण होते औषध. गिळता येत नाही म्हणून नळीतून सिरप देतात. त्यात गोडीसाठी अनेकदा सॉर्बिटॉल असते. ते आतड्यात नीट शोषले जात नाही, तिथेच राहून पाणी ओढते. पोटॅशियमचे सिरप तर रक्ताच्या मानाने कितीतरी पट तीव्र. पुरेसे पाणी न मिसळता दिले तर तेही हेच करते.

अँटिबायोटिकचा घाव खोलवर बसतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू अन्नातला चोथा आंबवून जी आम्ले बनवतात, त्यांच्यावर आतड्याच्या पेशी पोसतात आणि त्यांच्याच बळावर मीठ-पाणी शोषतात. ते जिवाणू मेले की ही व्यवस्थाच कोलमडते. रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू माजला, तर त्याच्या विषाने आतडे सुजते. त्यासाठी शौचाची वेगळी तपासणी लागते.

आणि तिसरे कारण, नळीतून देण्यासाठी घरून येणारा डबा. सकाळी केलेली पेज, डाळीचे पाणी मे महिन्याच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत पुरवले जाते. ताजे, चार तासांच्या आत, धुतलेल्या हातांनी आणि स्वच्छ सिरिंजने द्यायचे, एवढे नातेवाइकांना कुणीतरी बसवून सांगायलाच हवे.

विषबाधेच्या रुग्णात आणखी एक चकवा असतो. उतारा म्हणून दिलेल्या अ‍ॅट्रोपिनने आतडे मंदावते, घट्ट मळ अडकून बसतो आणि त्याच्या कडेने नुसते पाणी झिरपते. दिसायला ते जुलाबच. हातमोजा घालून बोटाने तपासले की अडकलेला खडा हाताला लागतो.