बॉईलचा नियम आणि सिंधुदुर्गाचे पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्ही किल्ला बघायला गेलो होतो, हे आधीच सांगून टाकते. २०१९ च्या नाताळच्या सुट्टीत कुडाळला नणंदेकडे मुक्काम होता. घावणे-चटणीचा डबा, पाण्याच्या बाटल्या, सासऱ्यांच्या गोळ्या, असा सगळा संसार घेऊन आम्ही सहाजण सकाळी मालवणच्या धक्क्यावर पोचलो. संध्याकाळी परत फिरायचे होते. बदलायला जादा कपडेसुद्धा घेतले नव्हते. आणि दुपारी दोनच्या सुमारास मी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या तळापासून हातभर वर तरंगत होते.

सिंधुदुर्ग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. कुर्ते नावाच्या खडकाळ बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. तीनेक वर्षांत तो उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसे ओतले, असे सांगतात. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, हे सगळे आम्ही मनापासून पाहिले. (२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत हा आहे.) मग आमचे चिरंजीव तटावर चढले. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. तटावरून त्याला खाली नांगरलेल्या होड्या दिसल्या आणि त्यांच्याभोवती पाण्यात डोकी वर-खाली होताना दिसली. झाले! किल्ला संपला.

होडीवाल्याने आमची घासाघीस फार वेळ चालू दिली नाही. ‘‘पोवूक येणा नाय? चलात मा! मी आसय मा सोबत.’’ पाच मिनिटांत ठरले. जी गोष्ट आयुष्यात कधी केली नाही, तिचा निर्णय घ्यायला आम्ही पाच मिनिटे घेतली. कांदे घेतानासुद्धा मी याहून जास्त वेळ घेते.

होडीवर एक छापील अर्ज पुढे आला. दमा आहे का? हृदयविकार? रक्तदाब? फिट येतात का? कानाचे ऑपरेशन झाले आहे का? सध्या सर्दी आहे का? सगळ्यांपुढे ‘होय’ आणि ‘नाही’चे चौकोन. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली, पण उत्साह सर्वांत दांडगा त्यांचाच. त्यांना गाईडनेच हात जोडून होडीवर बसवले. भाची आठ वर्षांची होती. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था साधारणपणे दहा वर्षे हे किमान वय मानतात. त्यामुळे ती आणि तिच्याजवळ थांबायला नणंद, दोघीही बाद. राहिलो आम्ही तिघे. मुलाला चार दिवसांपासून सर्दी होती. नाक बंद नव्हते, पण शिंका चालू होत्या. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या अर्जावर सर्दीपुढे ‘नाही’ असे लिहिले आणि खाली पालक म्हणून सही केली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तोवर वीस वर्षे अकरावीच्या मुलांना बॉईलचा नियम शिकवत आले होते. तापमान तेच ठेवले तर दाब दुप्पट झाल्यावर वायूचे आकारमान निम्मे होते. रॉबर्ट बॉईलने हा नियम १६६२ मध्ये, म्हणजे सिंधुदुर्गाचा पाया घालण्याच्या दोन वर्षे आधी प्रसिद्ध केला. तो मला पाठ होता. पण तो आपल्या मुलाच्या कानातही लागू होतो, हे त्या क्षणी डोक्यात आले नाही.

पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की एक वातावरण एवढा दाब वाढतो. जमिनीवर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. म्हणजे पृष्ठभागावरचा एक लिटर हवेचा फुगा दहा मीटरवर अर्धा लिटर होतो, वीस मीटरवर एक तृतीयांश. नीट पाहा, सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. ‘आम्ही काही खोल जाणार नाही, पाच-सहा मीटरच तर आहे’ असे म्हणून आपण निर्धास्त होतो. पण कानाच्या दृष्टीने खरी कसोटी तिथेच असते.

आपले शरीर बहुतांशी पाण्याचे असल्यामुळे दाबले जात नाही. दाबल्या जातात त्या हवेच्या पोकळ्या : फुफ्फुसे, कपाळा-गालांतली सायनस आणि कानाच्या पडद्यामागची छोटी खोली. या खोलीला एकच दार आहे. नाकाच्या मागच्या बाजूला उघडणारी ती बारीक युस्टेशियन नलिका. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. गगनबावड्याचा घाट चढताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ करून मोकळे होतात, ते हेच. पण हिशेब केला तर अख्ख्या घाटातला दाबाचा फरक पाण्यातल्या जेमतेम पाऊण मीटरएवढा भरतो. आपण घाट चढायला अर्धा तास घेतो. पाण्यात पाऊण मीटर जायला काही सेकंद पुरतात.

म्हणून खाली जाताना दर हातभर अंतरावर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा ढकलायची असते. या युक्तीला सतराव्या-अठराव्या शतकातल्या आंतोनियो वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे. कान दुखण्याच्या आधी हे करायचे. दुखायला लागल्यावर नलिकेचे दार बाहेरच्या दाबाने घट्ट बसते. मग जोर लावून उपयोग नसतो, उलट इजा होते. अशा वेळी थोडे वर यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा. आणि सर्दी असेल तर ही नलिका आतून सुजलेली असते. दार उघडतच नाही.

माझा मुलगा पहिला उतरला. दोन मिनिटांत वर आला. गाईडने त्याला दोन मीटरवरूनच परत आणले होते. त्याने कानाकडे बोट दाखवून हात हलवला आणि गाईडने एक क्षणही न दवडता वरचा रस्ता धरला. दोन मीटर म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढ्या पातळ पडद्यावर शंभरेक ग्रॅमचे वजन ठेवल्यासारखे. मुलगा रडला नाही. ‘‘आई, जमलं नाही गं,’’ एवढेच म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. मी त्याला टॉवेलात गुंडाळले. अर्जावर काय लिहिले होते ते आम्हा दोघांनाच माहीत होते.

मग मी तरी का उतरले, असे तुम्ही विचाराल. मुलानेच ढकलले. ‘‘एकाने तरी बघून ये,’’ म्हणाला. यजमान आधीच गळ्यापर्यंत पाण्यात होते.

आता थोडे त्या नळकांड्याविषयी. आपण सगळे त्याला ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतो. त्यात असते ती साधी हवा, गाळून, कोरडी करून दाबून भरलेली. शुद्ध प्राणवायू भरला तर सहा-सात मीटरच्या खाली तोच घातक ठरतो, झटके येऊ शकतात. दाब असतो दोनशे वातावरणांच्या आसपास, मोटारीच्या टायरच्या सुमारे नव्वद पट. दोन-तीन लोखंडी कपाटांत मावेल एवढी हवा पाठीवर बसते. खरी करामत तोंडात धरायच्या झडपेची. आपण श्वास ओढू तेव्हाच ती उघडते आणि आपण असू तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देते. महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. त्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. १९४३ मध्ये झाक कुस्तो या नौदलातल्या अधिकाऱ्याने त्याच्याबरोबर काम करून ती पाण्याखालच्या श्वासासाठी वापरली. आज मालवणात ‘स्कूबा’ म्हणून जे मिळते त्याचे मूळ तिथे आहे.

कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटे शिकवणी झाली. नाकाने नाही, तोंडाने श्वास घ्यायचा. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा. यात एक गंमत आहे. आपण ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. छान असेल तर तर्जनी आणि अंगठ्याचे गोल कडे करायचे. यजमानांनी आनंदाच्या भरात दोनदा अंगठा दाखवला आणि दोन्ही वेळा त्यांना वर आणून सोडण्यात आले.

आणि एक सूचना, जिच्यावर गाईडने तीनदा जोर दिला : काहीही झाले तरी श्वास रोखून धरायचा नाही. हे मला विचित्र वाटले. विहिरीत बुडी मारताना आपण श्वास रोखूनच तर जातो! फरक असा. विहिरीत आपण वरची हवा घेऊन जातो. ती खाली आकसते आणि वर आल्यावर पुन्हा होती तेवढीच होते. स्कूबात मात्र खालच्या दाबाची, दाट हवा छातीत भरलेली असते. पाच मीटरवर छाती भरून श्वास घेतला, घाबरून तो रोखला आणि झपकन वर आले, तर ती हवा दीडपट होते. फुफ्फुसांना तेवढी जागा नसते. ती फाटू शकतात, आणि यासाठी फार खोलीही लागत नाही. नवख्या माणसाची पहिली प्रतिक्रिया नेमकी हीच असते : घाबरायचे, श्वास कोंडायचा, वर धाव घ्यायची.

मी खाली गेले. नाक धरत, आवंढे गिळत, गाईडने मागून पकडलेली. कान एकदा भरले आणि मोकळे झाले. वीस वर्षांचा फळ्यावरचा नियम असा ‘टक्’ करून कानात वाजला.

खाली फार स्वच्छ दिसत नव्हते. मालवणचे पाणी अंदमानसारखे नितळ नाही. हिरवट, थोडे गढूळ, चार-पाच मीटरपर्यंत दिसावे असे. पण जे दिसले ते पुरेसे होते. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे प्रवाळ, द्रोणासारखे पसरलेले प्रवाळ, फटींत काळे काटेरी समुद्री साळू, काळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे. कपारीतून एका गोबऱ्याने आमच्याकडे अगदी कंटाळून पाहिले. माझ्या मनगटावरचा लाल धागा मातकट झाला होता. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. वस्तू पाण्याखाली सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणून मी हात पुढे केला तो प्रवाळापर्यंत पोचलाच नाही. आणि गाईडने तो लगेच मागे ओढला. योग्यच केले. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असते. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीने पहिल्या परिशिष्टात घातले आहे. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासूनच सागरी अभयारण्य आहे. पण याच गाईडने मग पावाचा तुकडा काढून कुस्करला, माशांची झुंबड उडाली आणि त्यात माझा व्हिडिओ निघाला. प्रवाळावरचे शेवाळ खाऊन ते साफ ठेवणाऱ्या माशांना आपण बेकरीची सवय लावतो आहोत. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. बघताना मला माशांपेक्षा तो पावच जास्त दिसतो.

वर आल्यावर सासऱ्यांनी विचारले, ‘‘काय दिसलं?’’ मला धड सांगता येईना. मुलगा कानावर हात ठेवून ऐकत होता.

आणखी एक गोष्ट, जी धक्क्यावर कोणी सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. दाब एकदम उतरला की सोड्याच्या बाटलीसारखे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. बॉईलनेच पुढे निर्वात पात्रात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिल्याची नोंद १६७० मध्ये केली आहे. पाच-सहा मीटरवरच्या वीस मिनिटांत हा धोका फारच थोडा. तरी एका डुबकीनंतर किमान बारा तास विमानात बसू नये, असे या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून हे मालवणकरांच्या पाहुण्यांनाही लागू झाले. सकाळी डुबकी, दुपारी विमान, असा बेत आखू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला परतलो. घाटात मुलाचा कान पुन्हा दुखला. कानाच्या डॉक्टरांनी आत पाहिले. पडदा फाटला नव्हता, पण लाल झाला होता. दोन आठवडे कानात पाणी जाऊ द्यायचे नाही. ‘‘सर्दी असताना उतरला होता का?’’ त्यांनी विचारले. या वेळी मी ‘होय’ म्हणाले.

२०२४ च्या जानेवारीत तो कॉलेजच्या मित्रांबरोबर पुन्हा मालवणला गेला. अठरा पूर्ण झालेली, सही स्वतःची. रात्री फोनवर मी विचारले, दिसला का तुला गोबरा? म्हणाला, ‘‘नाही गं. सकाळपासून नाक चोंदलं होतं. मी होडीवरच बसलो. खाजा खाल्ला, सगळ्यांचे मोबाइल सांभाळले.’’