विश्लेषण : गाजलेल्या गेमचा ‘स्पिन-ऑफ’ डाउनलोड करावा का?

कामण रोड स्थानकात वसई-दिवा मार्गावरची मेमू चुकली, की पुढच्या गाडीला बराच अवकाश असतो. मग खिशातून फोन निघतो आणि आवडत्या गेमचे नाव लावलेला एखादा नवा गेम समोर येतो. गेम फुकट, पण फोनमध्ये जागा नाही. जुने व्हिडिओ उडवून तो घ्यावा का? आणि त्यात पैसे घालावेत का?

स्पिन-ऑफ म्हणजे काय?

मूळ कथा पुढे नेतो तो सिक्वेल. मूळ गेमचे जग, पात्रे किंवा नुसते नाव घेऊन वेगळी वाट धरतो तो स्पिन-ऑफ. २०१६ मधला ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’ हे त्याचे उदाहरण. त्यात १८४१ सालचा भारत आहे, पण मूळ मालिकेसारखे शहरभर मोकळे फिरणे नाही. पात्र बाजूने दिसते आणि ठरलेल्या वाटेने पुढे सरकते. म्हणून आधी स्वतःला विचारा, मूळ गेममध्ये आपल्याला नेमके काय आवडते? तेच नव्यात नसेल, तर नावाचा उपयोग नाही.

नाव मोठे, आयुष्य किती?

‘एपेक्स लेजेंड्स मोबाइल’च्या सुरुवातीच्या चाचण्या २०२१ मध्ये भारतातही झाल्या. १७ मे २०२२ रोजी तो जगभर आला. त्या वर्षीचा सर्वोत्तम आयफोन गेम म्हणून अ‍ॅपलने त्याचा गौरव केला. तरीही १ मे २०२३ रोजी तो कायमचा बंद झाला.

‘कॉल ऑफ ड्यूटी : वॉरझोन मोबाइल’ मार्च २०२४ मध्ये आला आणि १८ मे २०२५ रोजी स्टोअरवरून हटला. मोबाइलवर अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही, असे कंपनीने सांगितले. त्याच मालिकेतला २०१९ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल’ मात्र सुरू राहिला.

असे का होते?

ऑनलाइन गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. सर्व्हर, नवे नकाशे, फसवणूक रोखणारी यंत्रणा यांचा खर्च रोजचा असतो. कमाई घटली, की कंपनी मूळ गेम जपते आणि जोडगेमवर कात्री चालवते. सर्व्हर बंद झाला, की विकत घेतलेले पोशाख आणि बंदुकाही गेल्या.

डाउनलोडआधी काय पाहाल?

• स्टोअरवर शेवटच्या अपडेटची तारीख बघा. अनेक महिने अपडेट नसेल, तर सावध व्हा.

• अभिप्राय ‘नवीनतम’ क्रमाने लावून आपल्यासारखा फोन असणाऱ्यांचा अनुभव वाचा.

• स्टोअरवर दिसणारा आकार अंतिम समजू नका. बरेच गेम उघडल्यावर आणखी फाइल्स उतरवतात. त्यामुळे पहिले डाउनलोड वाय-फायवरच करा.

• इंटरनेटशिवाय चालतो का, ते तपासा. प्रवासात रेंज जाते तिथे हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

पैसे कधी घालावेत?

पहिले काही आठवडे तरी नको. गूगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांत परतावा मागता येतो, पण तो मिळेलच असे नाही. फुकट खेळून मजा येत असेल, तर खुशाल खेळा. मात्र पैसे घालायचे तर उद्या गेम बंद पडला तरी हळहळ वाटणार नाही, एवढेच घाला.