संगणकाधिष्ठित गुन्हे

संगणक, संगणक-जाल वा त्यांतील माहितीसाठा यांवर केलेले, किंवा त्यांचा साधन म्हणून उपयोग करून केलेले कायद्याने दंडनीय कृत्य. ‘सायबर गुन्हा’ या नावानेही ते ओळखले जाते. अशा गुन्ह्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात संगणक हेच लक्ष्य असते, उदा., अनधिकृत प्रवेश, व्हायरस सोडणे, माहिती नष्ट करणे. दुसऱ्यात फसवणूक, तोतयेगिरी, खंडणी यांसारखे जुनेच गुन्हे संगणकाच्या साहाय्याने केले जातात. अनेकदा दोन्ही एकत्र आढळतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरकाव करून सु. ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. त्यांपैकी बरीचशी रक्कम बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली.

या गुन्ह्यांचे वेगळेपण स्थळाच्या प्रश्नात आहे. घरफोडीत गुन्हेगार, कृत्य व हानी ही एकाच ठिकाणी असतात. येथे ती विलग होतात. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रचलित प्रणालीतून पसरली. तिने मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाचे संगणक निकामी केले. परिणामी रायगड जिल्ह्यात, पनवेल-करंजाडेच्या पश्चिमेस न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या कंटेनर-स्थानकाचे काम विस्कळीत झाले. हल्ल्याचा रोख या बंदरावर नव्हता. तरी कंटेनरांच्या नोंदी संगणकावर अवलंबून असल्याने मालाची चढ-उतार खोळंबली. संगणकावर दिसणारी खंडणीची मागणी हा देखावाच होता. नष्ट झालेली माहिती पैसे भरूनही परत मिळणारी नव्हती.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला व २००८ मध्ये त्यात व्यापक दुरुस्त्या करण्यात आल्या. परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे, व्हायरस सोडणे इ. कृत्यांबद्दल कलम ४३ अन्वये नुकसानभरपाई द्यावी लागते; तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे चूक व गुन्हा यांतील सीमारेषा हेतूवरून ठरते. भारतातील संगणक अंतर्भूत असल्यास परदेशात, कोणत्याही देशाच्या नागरिकाने केलेल्या कृत्यासही कलम ७५ अन्वये हा अधिनियम लागू होतो. कायद्याची व्याप्ती अशी सीमेपलीकडे जात असली, तरी परदेशातील आरोपी व पुरावा त्या देशाच्या सहकार्यावाचून हाती येत नाही. या गुन्ह्यांच्या तपासातील मुख्य अडचण हीच होय.